भीमाबाईनं दात लावलेली कढई

चिंचखांडच्या गुरुवारच्या बाजारात अगदी शेवटाला, पंक्चरच्या दुकानासमोर भीमाबाई साळवे बसते. युरियाच्या रिकाम्या गोण्या शिवून केलेलं बसकर, त्यावर बिडाची जुनी भांडी मांडलेली. भाकरीचे तवे, कढया, अप्प्यांची पात्रं, एखादा खलबत्ता, नशिबात असलं तर शेवयाचं हातानं फिरवायचं यंत्र. उजव्या हाताशी ट्रॅक्टरचा एक जाड बोल्ट. माल दर आठवड्याला बदलतो, बोल्ट तोच. तिचं दुकान म्हणजे तो बोल्ट.

तिच्याबद्दल चार शब्द चांगले बोलणारा माणूस बाजारात शोधून सापडायचा नाही. सकाळी पाल ठोकताना शेजारच्या मिरचीवाल्याची दोरी तिच्या गोणीवर आली तर दिवसभर त्याच्या तीन पिढ्या बाजारात हिंडतात. गिऱ्हाईक तर तिला जन्माचं वैरी वाटतं.

"तवा घ्यायला आलीस का पोरगी बघायला? किती येळ तोंडच बघतीस त्याचं! उलथा कर. खालनं बघ."

"मावशी, लई गंजलाय की."

"गंजलाय म्हनूनच खरा हाय. त्यो तिकडं काळाकुळीत चमकतोय ना, त्याला बुटाचं पालिश केलंय. जा, त्यो घे. नवऱ्याला भाकर पालिशची घाल."

एवढं ऐकून घेऊनही लोक तिच्याकडंच यायचे. कारण बीड म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड. ते वरून कसंही दिसो, आत केसाएवढी चीर असली तर पहिल्या कडक जाळाला उकलतं. वेल्डिंगवाला हात लावत नाही. चीर डोळ्याला दिसत नाही, काजळी आणि मेण भरून बुजवली तर मुळीच नाही. पण आवाजाला लपत नाही. भीमाबाई तवा बोटाच्या टोकावर तोलून धरायची आणि बोल्ट मारायची. निकोप तवा देवळातल्या घंटेसारखा लांबवर बोलत राहतो. चिरकलेला "थद्" करतो आणि गप्प बसतो. मग तिनं सांगायचं: घे, किंवा टाक. तिच्या मालाचंच नव्हे, दुसऱ्याच्या मालाचंही. अकरा गावांतल्या बाया पिशवीत भांडं घालून तिच्यापुढं आणायच्या आणि ती म्हणेल ती किंमत धरून पुढचा व्यवहार करायच्या. तिचं तोंड कुणाला खपत नव्हतं. तिचा शब्द मात्र सगळ्यांना लागत होता.

हे ती कुठं शाळेत शिकली नाही. लहानपणी आईबापाबरोबर कोपरगावच्या पट्ट्यात ऊसतोडीला असायची. कोपीपुढं, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीपुढं, तीन दगडांची चूल आणि जळणाला तोच वाळला पाला, पाचट. पाचटाचा जाळ भुस्सकन उठतो आणि बघताबघता बसतो. पत्र्याच्या तव्यावर भाकर एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला कच्ची. बिडाचा तवा तो जाळ पोटात घेतो आणि बेतानं देतो, म्हणून टोळीतला सगळ्यात शहाणा माणूस कोण, तर ज्याच्या बायकोकडं बिडाचा तवा आहे तो. एकदा भीमीनं घाईत तापल्या तव्यावर गार पाण्याचा हबका मारला. तव्याचे तडकून दोन तुकडे झाले. आईनं त्यातलाच एक तुकडा उचलून तिच्या पाठीत घातला. बिडाचा पहिला धडा तो.

लग्न झालं ते भंगारवाल्याशी. कल्याण साळवे सायकलीवर गोणी लावून गावोगाव फिरायचा. बिडाची भांडी आली की घरी आणून घणानं फोडायचा, कारण फोडलं की गोणीत जास्त मावतं आणि भंगाराच्या काट्यावर तुकडा काय, आख्खं काय, भाव एकच. एका दुपारी तिनं घणाखालून एक तवा ओढून घेतला. त्यानं तिच्या कानफडात दिली. त्या दिवशी तिचा डावा कान गेला तो गेलाच. पण तवा तिनं सोडला नाही. गुरुवारी बाजारात नेऊन भंगाराच्या चौपट किमतीला विकला आणि नोटा आणून त्याच्या पुढ्यात टाकल्या. कल्याणनं माफी वगैरे मागितली नाही. तसली पद्धत नव्हती त्या घरात. फक्त पुढच्या फेरीपासून भांडी न फोडता आणायला लागला. बारा वर्षं झाली त्याला जाऊन. बाजारात ती त्याचं नाव काढते ते शिवी देतानाच.

आता योगेशकडं येऊ.

योगेश नगरचा. हायवेवर त्याचं दुकान आहे, बाहेर इंग्रजी पाटी, आत पिवळे दिवे. सहा-सात वर्षं तो टेम्पो घेऊन भीमाबाईकडून माल उचलत होता. तिच्याकडून चारशेला नेलेला तवा तो घासून, तेल पाजून, कापडी पिशवीत घालून पुण्याच्या बायांना तीन हजारांना द्यायचा. तवा तोच, नाव फक्त विंटेज. भीमाबाईला हे ठाऊक होतं. तिचं म्हणणं, "त्याच्या दुकानात पंखा हाय, त्याचं बिल त्या बाया भरत्यात. मला काय करायचं?"

बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. योगेशला आता थेट घरोघर जाऊन माल काढायचा होता, आणि बायका भांडं त्याला द्यायच्या आधी भीमाबाईकडून वाजवून घ्यायच्या. म्हणजे किंमत त्याच्या आधी तिथं पोचलेली असायची. एका गुरुवारी तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मावशे, माल मला दे. दुसऱ्यांची भांडी वाजवायचं बंद कर. मी महिन्याचं बांधून देतो."

"माझ्या बोल्टाला दावं बांधतूस व्हय रं? बैल हाय का मी?"

"मावशे, नीट ऐक..."

"नीटच ऐकलंय. ऊठ. सावली पडतीया मालावर."

त्या दिवसापासून योगेशनं एकच गोष्ट धरली. टेम्पो जिथं थांबेल तिथं सांगायचं आणि मोबाईलवर सगळ्यांना पाठवायचं: चिंचखांडची म्हातारी बहिरी झाली. आता तिला फुटकं आणि निकोप एकच ऐकू येतं. तिच्या शब्दावर माल घ्याल तर फसाल.

वाईट हे की त्यात निम्मं खरं होतं. डावा कान कल्याणनं नेला होता आणि उजवा आता वयानं चालला होता. आवाजाचं शेपूट तिला पूर्वीसारखं लांबवर जाताना ऐकू येत नव्हतं. ती बोल्ट मारायची आणि भांड्याकडं न बघता समोरच्याच्या तोंडाकडं बघायची. ज्याला काही कळत नाही त्याच्याही तोंडावर खणखणीत आवाज उमटतो. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून खाणार काय?

मग एक दिवस योगेश एका माणसाला घेऊनच बाजारात आला. त्याच्या हातात तिनं विकलेला तवा, मधोमध उकललेला.

"हिनंच वाजवून दिलाय," योगेश चारचौघांना ऐकू जाईल असं बोलला. "इचारा. निकोप म्हनून दिलाय."

भीमाबाईनं तवा उन्हाकडं धरला, चिरेत नख घातलं. "ही चीर आतनं पांढरी हाय. जुनी चीर त्येल पिऊन काळी पडती. ही कालची हाय. काय ओ दादा, तापल्या तव्यावर पानी वतलं का न्हाई?"

तो माणूस खाली बघायला लागला. म्हणजे ओतलं होतं. पण योगेश हसला. "बघा, आता वाजवत न्हाई. बघून सांगती. कान गेले की मानूस डोळ्यावरच येतो."

लोक हसले. बाजार हसला की खरंखोटं तिथंच संपतं. पुढच्या दोन-तीन गुरुवारी तिच्यापुढं भांडं वाजवायला आणणाऱ्या बाया निम्म्या झाल्या, मग त्याच्या निम्म्या. आता खरंच एकदा चुकली असती तर बोल्ट उचलून घरी जायचं तेवढं बाकी होतं. तिलाही ते कळत होतं आणि बाजारालाही.

अशात गावकीच्या कढईचं निघालं.

गावकीची भांडी म्हणजे गावानं वर्गणी काढून घेतलेली सामाईक भांडी. लग्न, सप्ताह, जत्रा, काहीही असलं की भैरोबाच्या देवळामागच्या खोलीतून न्यायची आणि घासून परत आणून ठेवायची. त्यातली बिडाची कढई सगळ्यात थोर. नगरच्या लष्कराच्या लिलावातून कुणी पणज्यानं बैलगाडीत घालून आणली असं सांगतात. दोन माणसांनी उचलायची, बुंदीचा घाणा तिच्यात पडला की वास शिवेपर्यंत जायचा. गावकी म्हणजे सगळा गाव, असं म्हणायचं. पण खोलीचं कुलूप कुणासाठी निघायचं आणि कुणासाठी नाही, ते न सांगता सगळ्यांना ठाऊक असायचं. भीमाबाईच्या वस्तीवरची लग्नं तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत शिजली. तिचंही. तिनं ती कढई लांबूनच पाहिलेली. आता गावात तसं काही राहिलं नाही, असं सगळे म्हणतात. आता केटरिंगवाला येतो, तो पैसे देईल त्याच्याकडं जातो. म्हणून तर गेली वीस वर्षं गावकीच्या भांड्यांना कुणी विचारीना. देवस्थान कमिटीनं देवळाला नवे पत्रे घालायचे म्हणून तांब्या-पितळेची भांडी विकून टाकली आणि कढईचा हर्रास, म्हणजे लिलाव, ठेवला.

कमिटीचा मुख्य रंगनाथ तात्या. त्यानं योगेशला बोलावलं. कुणीतरी म्हणालं, भीमाबाईलाही विचारू, गावचीच आहे. तात्या म्हणाला, "बोलवा की. बघू तरी, ऐकू येतंय का."

सकाळी नऊला देवळापुढं पन्नासेक माणूस जमलं. कढई पालथी घातलेली. खालचा सगळा पोटाचा भाग शेंदरानं लालभडक. योगेशनं खिशातून पितळी हातोडी काढली, तसली तो गिऱ्हाइकापुढं दाखवायला ठेवतो. दोन पोरांकडून कढई कानाला धरून उचलली आणि मारली.

थद्.

सगळ्यांना ऐकू आलं. पुन्हा मारली. थद्.

"गेली," योगेश हात झटकत म्हणाला. "पोटात चीर हाय. शेंदराखाली हाय म्हनून दिसत न्हाई. बेचाळीस किलो भरंल. भंगाराच्या भावानं बाराशे साठ होत्यात, देवाचं म्हनून पंधराशे देतो. टेम्पो माझा."

तात्याचं तोंड कडू झालं. त्यानं पाच हजार तरी धरले होते. "भीमाबाई, तू बघ."

ती पुढं आली. पोरांनी कढई अजून कानाला धरून उचललेलीच होती. बोल्ट काढला. मारला.

तिला काहीच ऐकू आलं नाही. शेपूट तर सोडाच, डोकंही नाही. तिनं सवयीनं समोरच्यांच्या तोंडांकडं बघितलं, तर तोंडांवर "थद्"च होतं. म्हणजे खरंच फुटकी? का योगेशनं आधी सांगितलं म्हणून यांना तसं वाटतंय? का आपला कान पुरता गेला? पुन्हा मारला. पाठीमागून एकजण बोलला, "मोठ्यानं मारा मावशी, म्हंजी भैरोबाला तरी ऐकू यील." हशा झाला. योगेश हसलासुद्धा नाही. तो नुसता वाट बघत उभा होता.

सोपं काय होतं? फुटकी म्हणायचं. सगळे तेच म्हणत होते. कुणी तिला चूक म्हटलं नसतं.

भीमाबाई गुडघ्यावर बसली. पदर कमरेला खोचला. तोंड पुढं केलं आणि कढईच्या काठाला दात लावले. राहिलेल्या सात-आठ दातांत काठ घट्ट धरला आणि डोळे मिटून बोल्ट मारला.

कानात नाही, पण जबड्यात आलं. काठ गुणगुणत होता. कानशिलापर्यंत, टाळूपर्यंत मुंग्या चढाव्या तसा तो नाद चढत गेला आणि बराच वेळ हलत राहिला. फुटक्या बिडाचा काठ असा बोलत नाही. म्हणजे भांडं निकोप होतं आणि पोटाला कुणीतरी हात दाबून धरावा तसं काहीतरी त्याला गप्प करत होतं. तिनं दात सोडले, पोटावरून बोटं फिरवली, शेंदरात नख खुपसलं. नख बुडालं तरी लोखंड लागेना.

"अजिनाथा," तिनं देवळाच्या गुरवाला विचारलं, "ह्या कढईला शेंदूर किती वर्सं लावताय?"

"हिची चूल सुटली तवापासनं, ईस वर्सं झाली. देवाला लावला की उरल्याला हिला. दर खंडेनवमीला, त्येलात कालवून."

"घासून काढता का कदी?"

"देवाचा शेंदूर घासत्यात व्हय?"

भीमाबाई उठली. "कढई निकोप हाय. शेंदराचं चिलखत चढलंय तिला, म्हनून घुमत न्हाई. घोंगडं गुंडाळून घंटा वाजवली तर वाजंल का? आतनं हात फिरवून बघा, नदीतल्या गोट्यावानी गुळगुळीत हाय. नवं बीड वाळूवानी खरखरतं. काठाला बगा, एवढी मोठी कढई आन् काठ बोटभर बी जाड न्हाई. असं वतनारं आता कोन राहिलं न्हाई. नऊ हजार. त्येच्या खाली देऊ नका."

"नऊ हजार!" योगेश आता हसला. "तात्या, दातानं ऐकती ही. डोळ्यानं झालं, आता दातानं."

तेवढ्यात बनाबाई ओरडली. ही तात्याची भावजय, गावातल्या प्रत्येक सोवळ्याची राखणदार. "तोंड लावलं गं बया! देवाच्या कढईला तोंड लावलं हिनं! उष्टी केली! आन् लावलं तेबी..." पुढचा शब्द तिनं गिळला. पण गिळताना तो सगळ्यांना दिसला.

एकदम कालवा झाला. आतापर्यंत ज्यांना कढईचं काही देणंघेणं नव्हतं, त्यांनाही आता देव आठवला. कुणी म्हणालं गोमूत्र शिंपडा, कुणी म्हणालं हिला आत घेतलंच कुणी.

"दात लावलाय, घास न्हाई घेतला," भीमाबाई म्हणाली. "आन् मघा भंगारात फोडायला निघालता, तवा देवाची नव्हती व्हय ही? घण चालतो देवाला, माझा दात चालत न्हाई!"

हे कुणाला खोडता आलं नाही, म्हणून सगळे जास्तच चिडले. रंगनाथ तात्या मात्र शांत झाला. तो शांत झाला की समजावं, काहीतरी सुचलंय.

"हे बघ भीमाबाई," तो म्हणाला, "उष्टी कढई आता गावात कोन घेनार? आन् किंमत तर तूच लावली. नऊ हजार. तुजा शब्द हाय ना? मग तूच घे. न्हाईतर सगळ्यांम्होरं म्हन, चुकले, मला ऐकू येत न्हाई. योगेशला देऊन टाकतो."

 नऊ हजार म्हणजे तिचे अडीच-तीन महिने. शेंदराखाली खरोखर चीर निघाली तर पैसे गेले आणि नावही गेलं. शेंदूर खरवडून बघू म्हणायचीही सोय नव्हती. अजिनाथ आणि चार म्हातारे आधीच आडवे उभे राहिले होते.

तिनं योगेशकडं पाहिलं. मग जिभेनं दात चाचपले, जणू तो नाद अजून तिथं आहे का बघत होती.

"कागद करा," ती म्हणाली. "पैसं घिऊन आले."

आणले. पत्र्याच्या डब्यातले. कढई उचलायला गावातला एक हात पुढं आला नाही. वस्तीवरच्या दोन बायांनी तिला हातगाड्यावर चढवायला हात दिला. मागून गाडा ढकलत आला तो एकटा अजिनाथ. मदतीला नव्हे, शेंदूर सांडतो की काय म्हणून.

गुरुवारी बाजार लवकर भरला. मिरचीवाला म्हणतो, त्या दिवशी त्याची मिरची कुणी बघितली नाही. भीमाबाईनं पंक्चरच्या दुकानासमोर तीन दगड मांडले, त्यावर कढई उताणी ठेवली आणि खाली दोनच गोवऱ्या पेटवल्या. जाळ नाही, नुसती धग. लोक जवळ आले तशी ओरडली, "पान्याची बाटली घिऊन कोन फुडं येऊ नका! एक थेंब उडाला तर त्यालाच चुलीत घालीन!"

अर्ध्या तासानं तेलाचा जुनाट वास सुटला. तिनं चिंध्या धरून कढई पालथी केली, खुरप्याचं टोक काठाजवळ शेंदरात घातलं आणि हळूहळू फिरवलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. शेंदराचं सगळं कवच टरबुजाच्या सालीसारखं जाडजूड, एका वाडग्याच्या आकारात मोकळं झालं. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. देवानं कवच सोडलं की जोडायचे असतात.

"हे घे," तिनं ते अजिनाथच्या ओंजळीत दिलं. "देवाचं देवाला. कढई माजी."

खाली काळंभोर, नितळ लोखंड. तळाला ओतीव आकडे आणि इंग्रजी अक्षरं उठून आलेली. योगेश कधी येऊन उभा राहिला ते कुणी पाहिलं नाही. अक्षरं दिसली तसा तो दोन पावलं पुढं आला आणि मग त्याला कळलं की आपण पुढं आलोय.

भीमाबाईनं वस्तीवरच्या त्याच दोन बायांना कढईचे कान धरायला लावले. बोल्ट उचलला. कढईकडं तिनं बघितलंच नाही. ती योगेशच्या तोंडाकडं बघत होती. आणि मारला.

कसा आवाज आला ते मी काय सांगू! पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू होता, तरी त्याच्या वरून आला. बांधलेल्या शेळ्यांनी माना वर केल्या. बायांनी कढई खाली ठेवली तरी हवेत काहीतरी शिल्लक होतं. योगेशचं तोंड बघून भीमाबाईनं बोल्ट गोणीवर ठेवला. तिला जे ऐकायचं होतं ते तिनं तिथं वाचलं होतं.

गर्दी पांगली तरी योगेश हलला नाही. पुणे रस्त्यावरच्या एका बड्या हॉटेलवाल्याला त्यानं हर्रासाच्या आधीच कढईचा फोटो पाठवून ठेवला होता. हॉटेलवाला दिवसातून दोनदा फोन करत होता.

"मावशे, काय घेशील?"

"आधी एक बोल."

"काय?"

"फोनवर गावभर जे बोललास, ते हितं उलटं करून बोल."

योगेशनं आजूबाजूला पाहिलं. सगळे आपापल्या मालाकडं बघत होते आणि सगळ्यांचे कान इकडं होते. "मावशीला ऐकू येतं," तो पुटपुटला.

भीमाबाईनं उजव्या कानामागं हात धरला. "आं?"

"मावशीला ऐकू येतं. कढई निकोप हुती."

"काय म्हनतूय ह्यो?" तिनं मिरचीवाल्याला विचारलं.

"मला बी नीट न्हाई ऐकू आलं," मिरचीवाला म्हणाला. त्यानं तिची बाजू घेतल्याचं उभ्या बाजारात पहिल्यांदा घडलं.

योगेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मावशीचा शब्द खरा हाय!" तो ओरडला. "मी खोटं बोललो! कढई निकोप हाय!" पंक्चरवाल्यानं कॉम्प्रेसर बंद केला होता, त्यामुळं ते पार एसटीच्या थांब्यापर्यंत गेलं.

"असं बोलावं मानसानं," भीमाबाई म्हणाली. "अठरा हजार."

"मावशे, नऊला घेतलीस आठ दिवसांखाली!"

"नऊ गावाला सांगितली हुती. तुला अठरा. आन् ह्ये मला नीट ऐकू आलंय, तवा परत बोलू नको."

त्यानं दिले. कढई टेम्पोत चढवताना त्याला कुणी हात दिला नाही, भीमाबाईनं तर नाहीच. फळीची कड त्याच्या नडगीला लागली तेव्हा ती दुसरीकडं बघत होती.

टेम्पो निघाला तशी बनाबाईची सून शुभांगी पिशवी घेऊन पुढं आली. पिशवीत माहेरचा तवा. सासूनं पाठवलं का स्वतःहून आली, ते तिलाच ठाऊक. तवा पुढं धरून उभी राहिली.

"उलथा कर," भीमाबाई खेकसली.

तिनं केला. भीमाबाईनं तवा हातात घेतला, भर बाजारात, सगळ्यांसमोर त्याच्या काठाला दात लावले आणि बोल्ट मारला. शुभांगी बघत राहिली. 

"घे. निकोप हाय. सातशेच्या खाली दिऊ नको."

घरी जाऊन तवा धुतला असेल तिनं.